तेवीस परड्या

चॉकलेटचे ससे ठाण्यात टिकत नाहीत.
गेल्या ईस्टरला चर्चच्या पायऱ्या चढेपर्यंत
सगळ्यांचे कान मुडपले,
आणि जॉयलिन हुंदके देत म्हणाली,
टीचर, याला ताप आलाय.

म्हणून यंदा परड्या. खऱ्या बांबूच्या,
ओंजळीएवढ्या, वर धरायला कडी.
जांभळी नाक्याच्या मागे लहानू बसतो
सुपं, रोवळ्या, दुरड्यांच्या उतरंडीत,
त्याला बोटांनीच माप दाखवलं.
“रुखवताच्या का?”
ईस्टरच्या, म्हटलं. मुलांसाठी.
“म्हणजे तुमची दिवाळी.”
नाही रे, म्हणजे...
आणि भर बाजारात, हातात कोथिंबिरीची जुडी,
मला ते धड सांगता येईना:
शुक्रवारी गेलेला एक जण
रविवारी पहाटे परत.
लहानूने मान डोलावली, ॲडव्हान्स घेतला,
“गुरुवारी न्या,” म्हणाला.

गुरुवारी दुकानाला गोणपाट.
शुक्रवारीही तेच.

घरात बाकी सगळं तयार.
कांद्याच्या सालीत उकडलेली तांबूस अंडी,
बिटातली गुलाबी,
गोकर्णीच्या फुलांतली निळी, तीही डागाळलेली,
पावसाळ्यातल्या भिंतीसारखी.
पास्कूने ऑफिसातून कागदाच्या चिंध्या आणल्या,
हिरव्या रंगात बुडवून वाळवल्या. हेच गवत.
एका पातीवर अजून वाचता येतं: थकबाकी.

मुलं बावीस, परड्या तेवीस.
हिशेब चुकलेला नाही.
शर्मिनला दोन लागतात,
एक आईकडे, एक बाबांकडे.
क्रिसानला साखर चालत नाही, त्याला भिंग,
आता तो सगळ्यांना मुंग्या दाखवत फिरेल.
डायगो आणि डॅरेलला काजूचा तुकडाही
मोजून सारखा, नाहीतर वेदीपुढेच मारामारी.
एल्रिक बोलत नाही.
त्याच्यासाठी एक अंडं फुंकून रिकामं केलं,
आत सात चिंचोके घातले,
भोकावर मेण.

शनिवारी रात्री साडेआठला बेल वाजली.
लहानू, खांद्यावर पोतं, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.
“उशीर झाला बाई. बुधवारपासून तिरड्याच बांधतोय.
या उन्हात म्हातारी माणसं
एकामागून एक.”
पोतं उलटं केलं. फरशीवर तेवीस परड्या घरंगळल्या,
एक थेट फ्रिजखाली.
तो मात्र दारातच उभा.
“खोटं कशाला बोलू,
यातल्या सहा तिरडीच्या बांबूच्या आहेत.
म्हणजे उरलेल्या कांबीच्या. त्याला हात लागलेला नाही कुणाचा.
पण चालत नसतील तर त्यांचे पैसे नकोत.”

पास्कूने माझ्याकडे पाहिलं.
शेजारच्या मालतीकाकू कात्री धरून थांबल्या,
त्यांची नजर देवघराकडे जायची सवय,
इथे ती क्रूसापाशी जाऊन अडखळली.

कुठल्या सहा, मी विचारलं.
त्याने वाकून एकेक निवडली,
विणणाऱ्याला आपली गाठ कळतेच.
मी त्या सहा पाहिल्या.
सारख्याच होत्या. एकीची कडी जरा वाकडी.
मग त्या बाकीच्यांत ढकलल्या
आणि दोन्ही हातांनी कालवलं सगळं,
घावन्याचं पीठ कालवावं तसं, खालून वर,
त्यालाही ओळखता येणार नाही
आणि मलाही, इतकं.

काकूंनी कात्री पुन्हा चालवली.
लहानूला पूर्ण पैसे दिले, वर एक तांबूस अंडं.
त्याने ते कानाशी धरून हलवलं.
“यात काय आहे?”
अंडंच आहे रे. खा.

सकाळी फादरांच्या प्रवचनात
तिसऱ्या बाकावरून चिंचोके वाजत होते,
खड्खड् खड्, थांबून, पुन्हा.
कुणी एल्रिकला गप्प केलं नाही.
तो कधी नव्हे ते आवाज करत होता.

मिस्सानंतर शर्मिनने दोन निवडल्या.
एकीची कडी वाकडी.
तिने ती नाकाला लावली, बराच वेळ,
मग माझ्या नाकाशी धरली.
“ही अजून ओली आहे टीचर.
हिरवा वास येतो.”
कुठली कुणाकडे ठेवणार, मी विचारलं.
ती विचार करत राहिली.